पुण्याच्या पेठांत 24 जणांना घेऊन एक दिवस

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत, त्यानिमित्त मुंबई, नाशिक आणि कोल्हापूरकडचे मिळून 24 जण डिसेंबरातल्या एका रविवारी पुण्यात जमणार आहेत. बाबा 78 वर्षांचे, त्यांचं लहानपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलेलं. आईचे गुडघे दुखतात. सगळ्यात धाकटा भाचा 4 वर्षांचा. मिनीबस ठरवलेली आहे. ताईंनी यादी दिली आहे ती अशी: शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी, दगडूशेठ, भिडेवाडा, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई, केळकर संग्रहालय, फुलेवाडा, पर्वती आणि जमलं तर सिंहगड. एवढं बसेल का, क्रम कसा लावायचा, जेवायचं कुठे आणि गाईड घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, बसवायचंच म्हटलं तर सिंहगड सोडून बाकीचं बसेलही. मंडईपर्यंतची ठिकाणं दीड-दोन किलोमीटरांच्या पट्ट्यातच आहेत, म्हणून तर यादी वाढत जाते. पण मग प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं मिळणार. दुपारी तीनपर्यंत आई बसमध्ये पाय पसरून बसलेल्या असतील, भाचा कडेवर झोपलेला असेल, आणि मोबाईलमध्ये बारा ठिकाणांचे एकसारखे फोटो असतील.

मी बरीच वर्षं पेठांतून गट फिरवतोय. शाळांच्या सहली, कंपन्यांची माणसं, परदेशातून आलेली कुटुंबं, सगळे प्रकार. लोक मला नेहमी काय दाखवणार ते विचारतात. मला पहिली चिंता असते ती या माणसांना उभं कुठे करू याची. दोघं-चौघं पेठेत कुठेही थांबू शकतात. 24 जण थांबले की रस्ता अडतो. फुटपाथ असला तर त्यावर गाड्या लावलेल्या, नसला तर दुकानाची पायरी. मागून रिक्षा, समोरून उलटी आलेली दुचाकी, आणि दुकानदार "जरा पुढे सरका" म्हणतोय. पुढच्या सहा जणांना ऐकू येतं, मागचे अठरा जण हॉर्न ऐकतात आणि पाच मिनिटांनी मोबाईल काढतात. गटाचा दिवस बिघडतो तो असा. चुकीची जागा निवडली म्हणून बिघडलेला मी फारसा पाहिलेला नाही.

म्हणून मी ठिकाणं अंगणांवरून निवडतो. सगळे एकदम आत मावतील का, निम्म्यांना टेकायला काही आहे का, आणि स्वच्छतागृह किती मिनिटांवर आहे. या तीन चाळण्यांतून तुमची यादी काढली की क्रम आपोआप लागतो. काही नामांकित ठिकाणं गळतात आणि तुमच्या यादीत नसलेलं एक वर येतं.

ते म्हणजे ओंकारेश्वर. शनिवार पेठेत, मुठेच्या काठी, वर्तक बागेजवळ. पेशवाईतलं देऊळ, दगडी शिखर आणि मोठं फरसबंद आवार. सकाळी साडेआठला तिथे सावली असते, शांतता असते, बसायला ओटे असतात. दिवसाची सुरुवात मी तिथूनच करीन, त्याचं मुख्य कारण तुमचे बाबा आहेत.

तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण तुमच्या दिवसाचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे. शनिवार पेठेत वाढलेला 78 वर्षांचा माणूस म्हणजे 12 जुलै 1961 ला तिथेच असलेला, शाळेत जाणारा मुलगा. त्या सकाळी बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ओंकारेश्वर तर नदीला लागूनच. पाणी कुठवर आलं, घरचे कुठे पळाले, परत आल्यावर वाड्यात काय होतं, हे सांगणारा माणूस तुमच्या घरात आहे आणि तुम्ही गाईड शोधताय! बाबांना ओट्यावर बसवा, नातवंडांना समोर बसवा, अर्धा तास द्या. फक्त आदल्या दिवशी फोन करून "बाबा, उद्या पुराचं सांगाल ना" एवढं विचारून ठेवा. काहींना त्या आठवणी नको असतात. नको म्हणाले तर वाड्यातल्या भाडेकरूंची, नळावरच्या रांगेची, गणपतीतल्या मेळ्यांची गोष्टही चालेल.

तिथून त्यांच्या जुन्या आळीत चालत जा. एक सांगून ठेवतो, वाडा असेलच असं नाही. पेठेतल्या बहुतेक वाड्यांच्या जागी आता चार-पाच मजली इमारती आहेत, आणि कधीकधी नाव तेवढं जुनं ठेवलेलं असतं. तुमच्यापैकी कोणीतरी आधी एकटं जाऊन बघून या. वाडा उभा असेल आणि आत कोणी राहत असेल तर परवानगी विचारा, तीसुद्धा 24 जणांसाठी न मागता बाबा आणि आणखी तिघाचौघांसाठी मागा. बाकीच्यांनी कोपऱ्यावर अमृततुल्य गाठावं. इमारत झाली असेल तर बाबांना ते आदल्या दिवशीच सांगा. सगळ्यांच्या देखत, मोबाईल रोखलेले असताना त्यांना ते कळू नये.

यानंतर शनिवारवाडा. इथे गटाला जागाच जागा आहे. पण आत शिरल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण वाडा असा काही उरलेलाच नाही. 10 जानेवारी 1730 ला पहिल्या बाजीरावांनी पायाभरणी केली, 1732 च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, आणि 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेल्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम जळालं. उरली ती तटबंदी, दरवाजे, बुरूज आणि जोती. हे दाराबाहेरच सांगून टाका, म्हणजे आत कोणी महाल शोधत फिरणार नाही.

आणि मग दिल्ली दरवाजासमोर नीट थांबा. फळ्यांवर लांब अणकुचीदार खिळे आहेत. मुलांना विचारा, हे खिळे एवढ्या वर का, माणसाच्या छातीशी का नाहीत? उत्तर बहुतेक वेळा सात-आठ वर्षांच्या पोराकडून येतं: हत्ती! दार फोडायला हत्ती कपाळाने धडक देतो, म्हणून खिळे त्याच्या कपाळाच्या उंचीला. मोठ्या दाराला एक छोटी दिंडी आहे, त्यातून आत जाताना वाकावं लागतं. मुलांना ती वाकून ओलांडायला सांगा आणि पलीकडे मोठ्या भावाला भालदार करून उभं करा. वर नगारखान्यात आणि तटावर जाता येतं, पण जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. आईंनी आणि बाबांनी वर जाऊ नये. आत हिरवळ आहे, हजारी कारंज्याजवळ झाडांखाली बसता येतं. वर जाणारे अर्ध्या तासात खाली येतात, तोवर बसणारे गप्पा मारतात आणि कोणी कोणासाठी खोळंबत नाही. यादीतल्या बाकी बऱ्याच ठिकाणी ही सोय नाही.

भुताचं कोणीतरी काढणारच. 'काका मला वाचवा' आणि पौर्णिमेची रात्र वगैरे. मी भूत सांगत नाही. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला, भर गणेशोत्सवात आणि दिवसाढवळ्या. गारदी पगाराच्या थकबाकीचा आरडाओरडा करत वाड्यात घुसले. आणि पुढे त्याच राज्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांचे काका राघोबादादा यांना त्यात दोषी धरलं. दहा वर्षांच्या मुलाला ही दुसरी गोष्ट जास्त पटते, असा माझा अनुभव आहे. गादीवर बसू पाहणाऱ्याला तोंडावर दोषी म्हणणारा माणूस त्याला भुतापेक्षा भारी वाटतो.

बाहेर पटांगणाजवळ बटाट्या मारुती आहे, तो चुकवू नका. मंडईची इमारत होण्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा, मारुतीचं नाव त्या बाजारातलं. 1886 मध्ये बाजार रे मार्केटात गेला, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत. मारुती इथेच राहिला. तुमचा दिवस मंडईत संपवायचा असेल तर हा धागा इथे धरून ठेवा, संध्याकाळी उपयोगी पडतो. मुलांना वाटेतल्या देवांची नावं गोळा करायला लावा. पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा, जिलब्या मारुती असे एकेक भेटतात. चालायचा कंटाळा आलेलं पोरही "पुढचा देव कुठला" म्हणत शंभर पावलं जास्त टाकतं.

लाल महालात अर्धा तास पुरे. शहाजीराजांनी बांधलेला मूळ महाल राहिलेला नाही, आजची वास्तू महापालिकेने 1980 च्या दशकात उभी केली आहे. हे मोठ्यांना ठाऊक असतं, मुलांना सांगावं लागतं. जिजाऊ आणि बाल शिवाजी सोन्याचा नांगर धरून असलेलं शिल्प आहे, तिथे गटाचा फोटो चांगला येतो. शाइस्तेखानाच्या बोटांची गोष्ट, एप्रिल 1663 ची, मुलं तुम्हालाच सांगतील. सांगू द्या.

कसबा गणपती पुण्याचं ग्रामदैवत, तिथे जायलाच हवं. पण गाभाऱ्यापुढची जागा बेताची. सहा-सहाचे गट करून दर्शन घ्या. एक पंचांगातली गोष्ट: ठरवलेल्या रविवारी संकष्टी येत नाही ना, ते आजच कॅलेंडरात बघा. संकष्टीला कसबा आणि दगडूशेठ, दोन्हीकडची रांग तुमचा अख्खा दुपारपर्यंतचा वेळ खाईल. तारीख हलवता येत नसेल तर त्या दिवशी दर्शन बाहेरूनच घ्या.

आता तांबट आळी. यादीतलं हे ठिकाण मला सगळ्यात आवडतं आणि 24 जणांना घेऊन जायला सगळ्यात अवघड आहे. कारखाना म्हणजे एक-दोन खोल्या, बाहेर गल्ली. कारागीर जमिनीवर बसून लोखंडी खुंटीवर तांब्याचं भांडं फिरवत फिरवत ठोकत असतो. मठारकाम बघायचं तर त्याच्या हाताकडे बघा. भांडं केसभर फिरतं, हातोडी पडते, पुन्हा केसभर, पुन्हा हातोडी. प्रत्येक ठोक्याचा गोल चकाकता ठसा आधीच्या ठशाला चिकटून बसतो, मध्ये जागा सुटत नाही आणि एकावर एक चढतही नाही. दिसायला नक्षी वाटते, पण काम वेगळं आहे. तांबं मऊ असतं, ठोक्यांनी ते कडक होतं आणि भांड्याला पोचे पडत नाहीत. तुमच्या आईंना यातलं सगळं माहीत असेल. बंब, घंगाळ, कल्हई हे शब्द त्यांनी वापरलेले आहेत आणि नातवंडांनी ऐकलेलेही नाहीत.

पण एका वेळी पाच-सहा जणांपेक्षा जास्त नकोत. ओळखीच्या माणसामार्फत आधी विचारा, रविवार आहे तेव्हा काम चालू असेलच हे धरून चालू नका. व्हिडिओ काढण्याआधी विचारा. आणि काहीतरी विकत घ्या, निदान एक तांब्या-भांडं. माणूस हातातलं काम थांबवून तुम्हाला दाखवतोय, त्याची रोजची कमाई त्या ठोक्यांवर आहे. हे जमणार नसेल तर सरळ वगळा. गल्लीत दाटीवाटीने उभं राहून आवाज ऐकण्यात काही राम नाही.

इथपर्यंत साडेबारा होतील. जेवणाचं सांगतो.

मिसळीचं डोक्यातून काढून टाका. नारायण पेठेतली असो नाहीतर तुळशीबागेतली, नावाजलेली ठिकाणं लहान आहेत. रविवारी सकाळी तिथे चार माणसांना एक टेबल मिळायला ताटकळावं लागतं, 24 जण म्हणजे दोन तास गेले. थाळीच्या खाणावळी जमतील, पण रविवारी दुपारी तिथेही गर्दी असते आणि तुम्ही चार टेबलांवर विखुरणार. शिवाय पुढच्या रांगेतले लोक तुमच्या ताटाकडे बघत उभे. म्हातारी माणसं घाईघाईने जेवून उठतात.

माझा सल्ला असा की पेठेतलं एखादं छोटं मंगल कार्यालय नाहीतर हॉल तीन-चार तासांसाठी घ्या आणि जेवण केटररला सांगा. ऐकायला खर्चिक वाटतं, पण माणशी हिशेब केला की चांगल्या थाळीच्या फार पुढे जाईलच असं नाही. आणि त्यात काय काय मिळतं बघा: 24 जणांची एक पंगत, स्वच्छतागृह, सामान ठेवायला खोली, आईंना आडवं व्हायला सतरंजी आणि लोड, भाच्याला झोपायला शांत कोपरा. औक्षण करायचंय, केक कापायचाय, जुने फोटो भिंतीवर दाखवायचेत, सगळं तिथेच होतं. डिसेंबर लग्नसराईचा महिना आहे, तेव्हा कॅलेंडरात मुहूर्त नसलेला रविवार असेल तर हॉल पटकन आणि स्वस्त मिळेल. मुहूर्त असेल तर आजच फोन करा. कार्यालय शक्यतो तळमजल्यावरचं किंवा लिफ्टचं, आणि शनिपार ते लक्ष्मी रस्ता या टापूतलं बघा, म्हणजे दुपारनंतरचं सगळं हाकेच्या अंतरावर येतं. मेन्यूत पडू नका, केटररला "साधं पुणेरी, गोडात एकच पदार्थ" सांगा. जिलबीवर मठ्ठा असला की झालं.

कसब्यातून कार्यालयापर्यंत जाताना दगडूशेठ वाटेत लागतो. आत जायची गरज नाही. मूर्ती रस्त्यावरूनही दिसते, पुणेकर जाता-येता चपला काढून बाहेरूनच नमस्कार करतात, तुम्हीही तसंच करा. समोरच भिडेवाड्याची जागा. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. 2023 च्या डिसेंबरात तो मोडकळीला आलेला वाडा पाडला, जागा राष्ट्रीय स्मारकासाठी घेतलेली आहे. तिथे 24 माणसांना उभं करून गोष्ट सांगायचा प्रयत्न करू नका. रस्ता वाहता आहे, ऐकू काही येणार नाही. मुलांना बोटाने जागा दाखवा, "याच्याबद्दल जेवताना सांगते" म्हणा आणि पुढे व्हा. गोष्ट जागेवरच सांगितली पाहिजे असा काही नियम नाही. पंगत बसली की सांगा. तुमच्या आई शाळेत गेल्या का, आजी गेली होती का, इथून सुरुवात करा, मग बघा कोण कोण बोलतं.

दुपारी तीननंतर गट एकत्र ठेवायचा हट्ट सोडा. सकाळभर एकत्र होतात, आता तीन तुकड्या करा. ज्यांना बघायचंय ते केळकर संग्रहालयात जातील. बाजीराव रस्त्याला लागूनच आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेला हा संसार 1975 मध्ये राज्य सरकारला दिला. राजेरजवाड्यांच्या तलवारी इतरत्रही बघायला मिळतात, इथे अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, दौती, बाहुल्या बघायच्या. एकेका अडकित्त्यावर कारागिराने घोडा, पोपट, नवरा-बायको काय काय काढलंय. मस्तानी महालाचं दालनही आहे. पण दालनं लहान आणि मजले चढायचे, म्हणून आठ-दहा जणांच्या वर एकत्र जाऊ नका. जायचं तर तीनलाच निघा, संध्याकाळी ते लवकर बंद होतं.

दुसरी तुकडी तुळशीबागेत खरेदीला जाईल, त्यांना काही सांगायची गरज नाही. एवढंच की बांगड्या, भातुकली, देवाची भांडी, कानातली यांच्या त्या गर्दीच्या मधोमध रामाचं देऊळ आहे. पेशव्यांचे सरदार नारो अप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी अठराव्या शतकात बांधलेलं. बाजारात दहा वेळा येऊन देऊळ न पाहिलेले लोक मला नेहमी भेटतात. कमानीतून आत शिरलं की आवाज एकदम खाली जातो. आवारात बसता येतं. तिसरी तुकडी, म्हणजे आई, बाबा आणि ज्यांचे पाय बोलायला लागलेत ते, कार्यालयातून उठून सावकाश इथे येऊन बसतील. खरेदीवाले पिशव्या त्यांच्यापाशी आणून टाकतील. सगळ्या तुकड्यांनी शेवटी भेटायचं ते मंडईत लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी, साडेपाचला. "मंडईत भेटू" म्हणू नका, मंडईत एकमेकांना शोधण्यात अर्धा तास जातो.

विश्रामबागवाडा याच वाटेवर आहे. दुसऱ्या बाजीरावांचा, 1807 चा. दर्शनी भागाची लाकडी कामगिरी रस्त्यावरून बघण्यासारखी आहे, सुरूच्या आकाराचे खांब आणि वर केळफुलं. आतलं काही वेळा दुरुस्तीसाठी बंद असतं, म्हणून तो मी बाहेरून पाहण्याच्या यादीत टाकलाय. उघडा असला तर फायदा समजा.

मंडईत अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून वर बघा, आणि मग सकाळचा बटाट्या मारुती मुलांना आठवतोय का विचारा. रविवारी संध्याकाळी भाजी घेणारे पुणेकर आणि फोटो काढणारे तुम्ही अशी टक्कर होणार, तेव्हा गाळ्यांमधून रांगेने चाला आणि विकणाऱ्या मावशींचे फोटो काढायचे तर आधी पावशेर काहीतरी घ्या. मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं थंड दूध, प्यायची असेल तर त्यानंतर.

आता जे गळलं त्याबद्दल. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत, आईंसाठी तो विषयच नको. सिंहगड वेगळा दिवस मागतो. फुलेवाडा मात्र मी नाइलाजाने वगळतोय. गंज पेठेत आहे, मंडईपासून मोठ्यांना चालत जायला लांब. अंगण शांत आहे, आणि अस्पृश्यांसाठी आपल्या घरचा हौद जोतीरावांनी 1868 मध्ये खुला केला तो हाच वाडा. केळकर संग्रहालयाऐवजी फुलेवाडा असा बदल करायचा असेल तर खुशाल करा, त्या तुकडीने रिक्षा कराव्यात. दोन्ही एका दुपारी करू नका.

हे सगळं डिसेंबर धरून सांगतोय. एप्रिल-मे असता तर साडेदहानंतर शनिवारवाड्यात कोणाला नेलं नसतं, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांपायी तट वगळला असता. गणेशोत्सवात एवढा मोठा गट घेऊन मी पेठेत येतच नाही. तुमच्याकडे आणखी कोणी काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारं असेल तर तांबट आळी आणि केळकर संग्रहालय त्यांच्यापुरतं काढा, बाकी क्रम तोच राहू दे.

बसचं. पेठेच्या आत बस आणू नका. ओंकारेश्वरापाशी उतरवून तिला नदीकाठच्या बाजूला थांबवा आणि संध्याकाळी मंडईजवळ बोलवा. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकेरी आहेत, ड्रायव्हरचं एक वळण चुकलं की पूर्ण प्रदक्षिणा. त्याला आदल्या दिवशी नकाशावर दाखवून ठेवा. शनिवारवाड्याच्या पूर्वेकडून येऊ नका, रविवारी तिकडे जुना बाजार भरतो आणि रस्ता तुंबतो. कोणी मधूनच येणार-जाणार असेल तर मेट्रो सोपी. कसबा पेठ आणि मंडई अशी दोन भुयारी स्थानकं आता याच पट्ट्यात आहेत, लिफ्ट आहे, आणि अडीनडीला स्वच्छतागृहही.

चालताना दोन माणसं नेमा, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. मागचा माणूस भरवशाचा आणि खरेदीचा नाद नसलेला हवा. पुढच्याने लक्ष्मी रस्ता ओलांडण्याआधी थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय पाय उचलायचा नाही. चालताना कोणी माहिती सांगायची नाही, अंगणात पोचल्यावरच.

गाईडबद्दल शेवटी, कारण त्यात माझाही धंदा आला. तुमच्या गटाला दिवसभर गाईड नको. शनिवारवाडा ते कसबा एवढे दोन-अडीच तास घ्या, पैसे निम्मे लागतील. ठरवताना विचारा: कमरेला लावायचा छोटा स्पीकर आहे का, तांबट आळीत कोणाशी ओळख आहे का, आणि मुलांसाठी गोष्ट कमी करून सांगता येते का. हे तिन्ही असेल तर माणूस चांगला. फी आधी ठरवा, खरेदीला अमुक दुकानात नेण्याचा आग्रह होऊ लागला तर नम्रपणे नाही म्हणा. आणि भेटल्याबरोबर त्याला बाजूला घेऊन सांगा की आमचे बाबा इथलेच आहेत, ते मध्ये बोलायला लागले तर त्यांना थांबवायचं नाही, सनावळीत चुकले तरीसुद्धा.